मी, ऋतुजाची लोकल गार्डियन

डायलिसिसच्या मशीनला चार तास लागतात. सुधीर डोळे मिटून पडलेला असतो आणि मी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असते. तिथेच बसून हे लिहिते आहे. आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही सोसलंय ते लिहा. वाचणाऱ्याला धीर यायला हवा मात्र." मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही. भीड भिकेची बहीण, असं माझी आई उठता-बसता म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी.

धीर देणारं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरी किडनीचं प्रत्यारोपण झालेलं माणूस आहे, किंवा ज्यांनी दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी सही करून घेतली आहे, त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी अंकातल्या पाककृतींकडे वळावं.

आम्ही दोघं

माझे सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. सुधीर, माझा नवरा, कारखान्यात टेक्निशियन होता. तब्येतीपायी त्याने लवकर निवृत्ती घेतली. मी टी. टी. नगरात एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. कोटरा सुल्तानाबादला तळमजल्यावर आमचं घर आहे, पुढे दोन खोल्या आणि मागे एक. सायली ही आमची एकच मुलगी, ती पुण्याला नोकरी करते.

सहा वर्षांपूर्वी सुधीरच्या दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं डायलिसिस झालं. मग माझी किडनी जुळली आणि मी दिली. त्याग वगैरे शब्द लोकांनी तेव्हा फार वापरले, पण खरं सांगायचं तर मी हेलपाट्यांना कंटाळले होते, आणि माझ्याकडे दोन होत्या. लग्नानंतर चोवीस वर्षं मी त्याला अहो-जाहो करत आले होते. ऑपरेशननंतर दोघांना समोरासमोर आणलं तेव्हा तोंडातून निघालं, "अरे, कसा आहेस?" तेव्हापासून तेच राहिलं. ज्याच्या पोटात आपला अवयव आहे, त्याच्याशी अदबीने किती बोलायचं.

प्रत्यारोपण झालेल्या घरात लघवी ही आनंदाची बातमी असते. हे बाहेरच्यांना समजत नाही. सुधीर रोज मापाच्या भांड्यात मोजायचा आणि सकाळी चहाला बसताना ऐटीत सांगायचा, "काल अडीच लिटर." शेजारच्या गुप्ताजींना बरेच दिवस वाटत होतं की आम्ही दुधाबद्दल बोलतो.

या सुखाचे नियम होते. आपलं शरीर दुसऱ्याची किडनी सहजी ठेवून घेत नाही, म्हणून त्याची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे गर्दी नको, लग्नकार्य नको, आजारी माणूस तर नकोच. आमचे डॉक्टर प्रत्येक तपासणीला बजावायचे, "घर में किसी को ज़ुकाम भी हो, तो पहले मुझे फोन।" चार वर्षं मी हे पाळलं. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेले नाही.

सह्या

आमच्या इथल्या मराठी लोकांची एक रीत आहे. जून-जुलै आला की वर्ध्याहून, यवतमाळहून, अमरावतीहून फोन येतात. "तुम्ही भोपाळला आहात ना? आमच्या मुलीला तिथल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. हॉस्टेलवाले लोकल गार्डियन मागतात." आपण म्हणतो, त्यात काय, करते सही. मंडळातल्या जवळपास प्रत्येक घराने अशा दोन-तीन सह्या केलेल्या असतात. फॉर्म कोणी वाचत नाही. मुलांना रविवारी जेवायला बोलवायचं, दिवाळीला फराळाचा डबा द्यायचा, एवढंच काम अशी आमची समजूत. मी आजवर चार मुलांची गार्डियन झाले, आणि त्यातल्या दोघांची आता नावंही आठवत नाहीत.

ऋतुजा ही माझ्या मामेबहिणीच्या शेजाऱ्यांची मुलगी, वर्ध्याची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. रविवारी यायची, पिठलं-भात पोटभर खायची, आणि दुपारी सुधीरजवळ बसून सोल्डरिंग शिकायची. हॉस्टेलातल्या निम्म्या मुलींच्या इस्त्र्या आणि किटल्या तिच्याबरोबर आमच्याकडे दुरुस्तीला यायच्या. कारखाना सुटल्यापासून सुधीरला कोणी काम सांगत नव्हतं. ती सांगायची.

वॉर्डनचा फोन

जानेवारीचा शेवट होता, मंगळवार. मी कार्यालयात होते. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंचा फोन आला.

"मैडम, आप ऋतुजा की लोकल गार्जियन हैं ना? बच्ची को थोड़ा बुखार है। आज ही ले जाइए।"

मी म्हटलं, "मेरे घर में ट्रान्सप्लांट के पेशंट हैं। उसे वहीं रखिए, मैं डॉक्टर लेकर आती हूँ।"

"ऑर्डर है मैडम। जिनको भी बुखार है, सब अपने-अपने गार्जियन के पास। परसों इन्स्पेक्शन की टीम आ रही है।"

"बुखार किसका है? टेस्ट हुई क्या?"

"अरे, मौसमी वायरल है। तीन दिन में उतर जाएगा।"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. हॉस्टेलच्या व्हरांड्यात आठ-दहा मुली आपापल्या बॅगांवर बसल्या होत्या, अंगावर शाली, डोळे लाल. एकीचं भोपाळात कोणीच नव्हतं, तिला दोन मैत्रिणी स्टेशनला सोडायला निघाल्या होत्या. अंगात ताप घेऊन ती अठरा-वीस तासांच्या गाडीत बसणार होती. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, दारावर नवी पाटी, 'आयसोलेशन रूम'. काचेतून आत पाहिलं तर सहा खाटा, पांढऱ्याशुभ्र चादरी, प्रत्येक खाटेशेजारी टेबल आणि टेबलावर पाण्याचा नवा जग. रंगाचा वास बाहेरपर्यंत येत होता. दाराला कुलूप.

मी वॉर्डनना विचारलं, "ये तो खाली है?"

त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मैडम, ये टीम को दिखाने के लिए तैयार किया है। अभी किसी को सुला देंगे तो फिर से सब करना पड़ेगा।"

मला हसू आलं. आता आठवलं की त्या हसण्याचाच राग येतो. आरडाओरडा करायला हवा होता, ते कुलूप उघडेपर्यंत तिथे बसायला हवं होतं. मी काय केलं, तर व्हरांड्यात उभी राहून मंडळातल्या पाच घरांना फोन लावले. एकीकडे बाळंतीण होती, एकीकडे पाहुणे. अशोका गार्डनमधल्या जोशीबाई म्हणाल्या, "अगं, तुझी मुलगी आहे ना ती? मग माझ्याकडे कशी पाठवतेस?" पाचव्या घरी कोणी फोन उचलला नाही.

ऋतुजा बॅगेवर बसून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी राहते ना इथंच कुठंतरी. काका आहेत तुमच्या घरी." अंगात ताप असलेल्या त्या पोरीला जे समजत होतं, ते मला समजत नव्हतं असं नाही. मी सुधीरला फोन केला. तो म्हणाला, "घेऊन ये. पोर कुठे जाईल? तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

आमच्या डॉक्टरांना मी फोन केला नाही. विसरले नव्हते. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग त्या पोरीला तिथे टाकून येणं मला भाग पडलं असतं, म्हणून विचारलं नाही. हात दाखवून अवलक्षण नको, असा माझा हिशोब.

मागची खोली

तिला मागच्या खोलीत ठेवलं. वेगळं ताट, वेगळा टॉवेल, दार बंद. सुधीर पुढच्या खोलीत. मी मधली. मी स्वतःवर खूश होते. आत जाताना मास्क लावायचे, तिला पेज भरवायचे, कपाळावर पट्ट्या ठेवायचे, बाहेर आले की मास्क काढून खुंटीला अडकवायचे आणि साबणाने हात धुवायचे. मग उघड्या तोंडाने सुधीरसमोर बसून त्याच्याशी गप्पा मारत त्याला संत्र्याच्या फोडी सोलून द्यायचे.

वाचणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचावं. मला वाटत होतं आजारी ती आहे, तर मास्क तिच्यासमोर लावायचा. तिच्यापासून तो मला येईल आणि माझ्यापासून सुधीरला जाईल, मला काही जाणवायच्या आधीच जाईल, हे मला सुचलं नाही. पदवीधर आहे मी.

शुक्रवारी ऋतुजाचा ताप उतरला. उशीला टेकून बसली, पोहे मागितले. खाता खाता म्हणाली, "काकू, आमच्या विंगमध्ये चौदा जणी आजारी आहेत. त्या रांचीवालीला तर मागच्याच आठवड्यात ॲडमिट केलं होतं. तिचा रिपोर्ट फ्लूचा आला."

"मागच्या आठवड्यात?"

"हो ना. वॉर्डन मॅम बोलल्या, ग्रुपवर टाकू नका, उगाच पॅनिक होऊन राहिलं. मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी."

वॉर्डनबाईंना आठवडाभर आधी माहीत होतं. फ्लू म्हणून कळलं असतं तर त्यावर गोळी मिळते, आणि ती वेळेत सुरू केली की निदान आशा असते, हे आमच्या डॉक्टरांनी मागे सांगितलेलं होतं. एक शब्द खरा बोलायचा होता त्या बाईंना. 'वायरल' ऐवजी 'फ्लू'.

मी डॉक्टरांना फोन केला तेव्हा माझाच घसा खवखवत होता. ते रागावले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. मग म्हणाले, दोघांनाही गोळी आत्ताच सुरू करा. संध्याकाळी केली. वरातीमागून घोडं. शनिवारी सकाळी सुधीर चहाला आला नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

दोन मजले

ऋतुजा बरी होऊन हॉस्टेलला परतली, आणि रविवारी आम्ही दोघेही हॉस्पिटलमध्ये होतो. मी दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात, सुधीर चौथ्या मजल्यावर. माझ्या छातीत निमोनिया निघाला. एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांनी माझी फाइल वाचली, "एकच किडनी आहे का तुम्हाला?" असं हिंदीत विचारलं आणि दोन औषधं खोडून दुसरी लिहिली. मी चार वर्षांत स्वतःला पेशंट समजलेच नव्हते. तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःसाठी भीती वाटली. श्वास घेताना वाटायचं, छातीवर कोणीतरी गव्हाचं पोतं ठेवून विसरून गेलंय.

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग संपतच नाही. रक्त घेणारा, तापमान घेणारी, चादर बदलणारी, राउंडचे डॉक्टर. राउंडचे डॉक्टर मिनिटभर थांबतात आणि आपण सकाळपासून जमवलेले चार प्रश्न विसरतो. मी ते हातावर पेनाने लिहून ठेवायला लागले. पहिला प्रश्न नेहमी चौथ्या मजल्याचा असायचा, आणि उत्तर नेहमी एकच, "वो दूसरी टीम देख रही है।"

सायली सोमवारी पुण्याहून आली. मला भेटायच्या आधी ती चौथ्या मजल्यावर जाऊन आली होती. माझ्या खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू आधी बाबांची बायको आहेस की सगळ्या जगाची गार्डियन?"

नाकात ऑक्सिजनची नळी होती, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. औषध, पाणी, डबा. तिचं बरोबर होतं. आपले दात आपले ओठ, म्हणून मी गप्प राहिले असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला तिची भीती वाटत होती.

मात्र रोज दुपारी ती वरून आकडा आणायची. त्याची लघवी. सोमवारी चौदाशे मिली. मंगळवारी अकराशे. सुधीरने फोनवर क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं सांगितलं, "पिच खराब आहे, उद्या बघ." बुधवारी सातशे. गुरुवारी सायली आली, डबा उघडला, चमचा पुसला, आकडा सांगितलाच नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "साडेतीनशे," आणि माझ्या पायांशी बसून रडली. मीही रडले. त्या दिवसापासून ती पुन्हा माझ्याशी बोलायला लागली. असं मिळालेलं मुलीचं बोलणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

चांगलं झालं ते एवढंच सांगण्यासारखं आहे. आमच्या वॉर्डात कमलाबाई नावाच्या आया होत्या, साठीच्या. त्यांची जेवणाची गाडी दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर जायची. मी काही सांगितलं नव्हतं, तरी परत येताना त्या माझ्या खाटेशी थांबायच्या. "भैयाजी ने आधी रोटी खाई। दाल नहीं छुई।" कधी, "आज बैठे थे। आपके बारे में पूछ रहे थे, मैंने कहा अच्छी हैं।" एकदा त्यांनी माझे जटा झालेले केस तेल लावून विंचरले आणि घट्ट वेणी घातली. मी त्यांना विचारलं, सगळ्यांचं असंच करता का. म्हणाल्या, "नहीं। जो बोलती नहीं हैं, उनका करती हूँ।"

नवव्या दिवशी मला घरी सोडलं. सुधीर वरच राहिला.

सहीचा फॉर्म

घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी, हॉस्पिटलचा जिना चढताना दोनदाच थांबावं लागतंय एवढी ताकद आल्यावर, मी कॉलेजात गेले. फाटकावर भला मोठा फलक होता, इन्स्पेक्शनमध्ये वरची श्रेणी मिळाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन. मला प्राचार्यांना भेटायचं होतं, पण एका प्रशासकीय अधिकाऱ्यापर्यंतच जाता आलं. तरुण माणूस, चांगला बोलणारा. त्याने पाणी मागवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, तुमच्याकडे फ्लूचा रिपोर्ट आठवडाभर आधी आला होता की नाही. तो म्हणाला, रिपोर्ट विद्यार्थिनीच्या घरच्यांकडे होता, कॉलेजकडे अधिकृतपणे आलेला नव्हता.

मग त्याने फाइल काढून माझ्यासमोर एक कागद ठेवला. "मैडम, ये आपकी साइन है?"

माझीच होती. वर इंग्रजीत छापलेलं होतं की आजारपणात विद्यार्थिनीला चोवीस तासांच्या आत ताब्यात घेण्याची आणि तिच्या उपचारांची सर्व जबाबदारी लोकल गार्डियनची राहील. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासून फायली पुढे सरकवल्या. माझी स्वतःची सही कशाखाली आहे, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

मी लेखी तक्रार दिली, पोच घेतली, आणखी दोन ठिकाणी प्रती पाठवल्या. कोणती फाइल हलणार नाही हे मला लांबूनच कळतं. ही हलणार नाही. परत जाताना मुद्दाम हॉस्टेलच्या व्हरांड्यातून गेले. आयसोलेशन रूमला कुलूप होतं. चादरी मात्र काढून नेल्या होत्या, आणि गाद्यांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

ऋतुजा तिथे भेटली. तिला मी येणार हे कोणीतरी सांगितलं असावं. कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "काकू, खरं सांगा. माझ्यामुळंच झालं ना काकांना?"

नाही बाळा, असं म्हणायला एक क्षण लागतो. ती स्वतः इथेच राहते म्हणाली होती. तिचा काडीचाही दोष नव्हता. हे सगळं मला त्या क्षणी नीट माहीत होतं. आणि तरी मी म्हटलं, "परीक्षा जवळ आली ना? अभ्यास कर." तिने मान हलवली. त्यानंतर ती रविवारी आली नाही. तिच्या आईने मामेबहिणीकडून निरोप पाठवला की त्यांनी दुसरे गार्डियन पाहिले आहेत, तुम्हाला आणखी त्रास नको. सुधीर अधूनमधून विचारतो, पोरगी का येत नाही. मी सांगते, प्रोजेक्ट चालू आहे तिचा.

चौथा मजला

सुधीरला सलाइनमधून औषधं देऊन झाली, पोटातून सुईने किडनीचा तुकडा काढून तपासून झाला, पुन्हा औषधं झाली. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं. भले माणूस आहेत, आडवळणाने बोलत नाहीत. "जितना कर सकते थे, किया। अब ये किडनी काम नहीं करेगी। डायलिसिस हफ्ते में तीन बार।"

सायली ताबडतोब म्हणाली, माझी तपासा. सुधीरने मान हलवली, आधी हळू आणि मग जोरात. "तुझं अख्खं आयुष्य जायचंय. विषय काढायचा नाही." तिने पुष्कळ वाद घातला. तो भिंतीकडे तोंड करून पडला. माझ्याकडे आता द्यायला दुसरी नव्हती.

बंद पडलेली किडनी काढत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्रास देत नसेल तर आहे तिथेच राहू देतात, हळूहळू आक्रसून जाते. म्हणजे माझी किडनी आता सुधीरच्या पोटात उजव्या बाजूला आहे आणि तिथेच राहणार आहे.

डॉक्टर गेले, सायली कागदपत्रं करायला खाली गेली. दुपारची वेळ होती. खिडकीतून पार्किंग दिसत होतं, तिथे कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा माणूस हातवारे करून त्याला दिशा सांगत होता. सुधीर तेच बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तापाच्या पहिल्या दोन दिवसांत मी किडनीच्या रोजच्या गोळ्या ओकलो होतो. लगेच पुन्हा घ्यायला हव्या होत्या. तुला सांगितलं नाही. वाटलं, तू स्वतःच तापाने फणफणली आहेस, कशाला." तो माझ्याकडे वळला. "एवढं काढून दिलंस मला, आणि माझ्याच्याने सांभाळलं गेलं नाही."

त्याने हात जोडले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यापुढे कधी हात जोडले नव्हते.

मी ते हात धरून खाली केले. त्याला सांगायला हवं होतं की गोळ्यांचं काही नाही, ते सगळं त्याच्या आधीच ठरून गेलं होतं. मास्क खुंटीला होता, संत्रं मी सोलत होते, डॉक्टरांना फोन मी मुद्दाम केला नव्हता. शब्द तोंडात आले होते. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत माझ्याविषयी कृतज्ञतेशिवाय काही नव्हतं. ती नजर जाईल याची मला भीती वाटली, आणि मी म्हटलं, "जाऊ दे, होतं असं कधीकधी."

म्हणजे मी त्याला माफ केलं. अजूनही तो आठवड्यातून एखाद्या वेळी माझी माफी मागतो, आणि मी दर वेळी त्याला माफ करते.